टोटल लॉसची मोटारसायकल घेताना ‘पासिंग आहे’ एवढ्यावर विसंबू नका : या चुका टाळा

सांगली, मिरज आणि कराडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात विमा कंपनीने ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशा, ठरवलेल्या मोटारसायकली दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला येतात. गिऱ्हाइकाने तपासणीबद्दल विचारले की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : ‘पासिंग २०३४ पर्यंत आहे, काळजी करू नका.’ हे उत्तर खोटे नसते, पण गाडीच्या आजच्या स्थितीशी त्याचा काहीही संबंध नसतो. खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदाच १५ वर्षांसाठी होते (यालाच बाजारात ‘पासिंग’ म्हणतात) आणि एम-परिवहन या सरकारी ॲपवर ‘फिटनेस’पुढे दिसणारी तारीख ही त्याच नोंदणीची अखेरची तारीख असते. रिक्षा किंवा टेम्पोला जसा ठरावीक मुदतीने फिटनेस दाखला घ्यावा लागतो, तशी तपासणी खासगी मोटारसायकलची मधल्या काळात होत नाही. त्यामुळे तिसऱ्या वर्षी समोरून धडकून वाकलेली गाडी कोणत्याही मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेखालून न जाता, केवळ गॅरेजच्या भरवशावर पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. ही तपासणी अखेर विकत घेणाऱ्यालाच करावी लागते, आणि ती पैसे मोजण्यापूर्वी करावी लागते.

कायदाही जबाबदारी चालवणाऱ्यावरच टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर शिक्षा वाढते. ‘मला माहीत नव्हते’ हे सांगणे त्यामुळे फारसे उपयोगी पडत नाही.

सर्वच टोटल लॉस गाड्या एका मापाने मोजण्याची चूक

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. हे मूल्य दरवर्षी घटते. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी घसाराच ५० टक्के धरलेला असतो. समजा एखाद्या जुन्या गाडीचे विमा मूल्य ३०,००० रुपये आहे, तर दुरुस्तीचे अंदाजपत्रक २२,५०० च्या पुढे गेले की ती टोटल लॉस होते, आणि कंपनीच्या सुट्या भागांच्या दराने टाकी, हेडलाइट, मडगार्ड, सायलेन्सर आणि एक शॉकअप एवढ्यातही हा आकडा गाठला जातो. अशी गाडी नीट दुरुस्त झालेली असेल तर ती घेण्यात गैर काही नाही. उलट दोन वर्षांची, भक्कम विमा मूल्याची गाडी टोटल लॉस झाली असेल तर मार मोठा बसलेला आहे हे धरूनच चालावे. म्हणून पहिला प्रश्न ‘टोटल लॉस झाली होती का’ एवढाच न ठेवता ‘कितव्या वर्षी आणि कशामुळे झाली’ असा विचारावा, आणि विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल किंवा दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागावे.

विक्रेता ही गोष्ट लपवत असेल तर जुन्या पॉलिसी बोलतात. १ सप्टेंबर २०१८ नंतर नवीन दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो; गाडी तीन वर्षांची असताना तिच्यावर वेगळ्या कंपनीची, अलीकडेच काढलेली थर्ड पार्टी पॉलिसी दिसली तर मूळ पॉलिसीचे काय झाले हे विचारलेच पाहिजे. तसेच आधीच्या वर्षांत वाढत आलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी क्लेम झाला असण्याची दाट शक्यता असते.

आरसी जिवंत आहे की रद्द, हे न पाहणे

याच कायद्याचे कलम ५५ सांगते की गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरण्याजोगी राहिली नाही, तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, जमा करावे. अशा गाडीची नोंदणी रद्द होते, आणि मग ती कितीही सुंदर रंगवली तरी सुट्या भागांपलीकडे तिचे मोल उरत नाही. विक्रेत्याच्या हातातले स्मार्ट कार्ड पाहून समाधान मानू नये. कार्ड हातात राहूनही नोंद रद्द झालेली असू शकते. परिवहन पोर्टलवर क्रमांक घालून आरसीची स्थिती, काळ्या यादीची नोंद आणि कर्जाचा बोजा आपण स्वतः, आपल्या मोबाइलवर पाहावा. बोजा असेल तर तो उतरल्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ मिळाल्याखेरीज बयाणा देऊ नये.

चासी नंबर वरवर पाहणे

भंगारातल्या गाडीची आरसी आणि चोरीच्या गाडीचा सांगाडा एकत्र करणे ही जुनी चाल आहे, म्हणून या तपासणीला घाई करू नये. बहुतेक मोटारसायकलींवर चासी नंबर हँडलखालच्या नळीवर उजव्या बाजूला कोरलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवावे, ओल्या फडक्याने धूळ पुसावी, नंबरावर पातळ कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिल आडवी घासावी. कागदावर उमटणारी सतरा अक्षरे एका ओळीत, एका उंचीची आणि सारख्या अंतराची हवीत. त्यांत इंग्रजी आय, ओ किंवा क्यू हे अक्षर कधीच नसते. तसे काही दिसले तर तिथूनच परत फिरावे. भोवतालचा रंग उरलेल्या नळीपेक्षा जाड किंवा ताजा असेल, बोटाला खोलगट भाग किंवा ग्राइंडरचे ओरखडे लागत असतील, तर ‘गंज काढला होता’ हे स्पष्टीकरण स्वीकारू नये. इंजिन बदललेले असेल आणि त्याचा नंबर आरसीशी जुळत नसेल, तर तो बदल कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या नोंदीत आलेला असला पाहिजे. ‘नंतर करून घेऊ’ असे म्हणणाऱ्याचे ते नंतर बहुधा येत नाही.

चकाकी पाहून सांगाडा न तपासणे

समोरून धडकलेल्या गाडीत शॉकअपचे पाइप आणि त्यांना धरणारी टी आधी वाकते, आणि मार जास्त असेल तर हँडलच्या नळीमागचा चासीचा भाग. पाइप बदलता येतात. चासी तापवून सरळ केलेली असेल तर तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे मला धोक्याचे वाटते, मग किंमत कितीही कमी असो. टाकी उचलायला लावून नळीमागचे जोड बघावेत : तडकलेला रंग, कंपनीच्या वेल्डिंगशी न जुळणारे ओबडधोबड वेल्डिंग, आणि हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडते तो वाकलेला किंवा तुटलेला अडथळा, या तीन खुणा गाडी नाकारायला पुरेशा आहेत.

त्यानंतर दोरीची चाचणी करावी. गाडी मेन स्टँडवर घेऊन जमिनीपासून वीतभर उंचीवर मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरी टेकवून ती पुढच्या चाकापर्यंत ताणावी आणि पुढचे चाक सरळ ठेवावे. पुढचा टायर अरुंद असल्याने दोन्ही बाजूंना थोडी फट राहते. ती सारखी नसेल तर शॉकअप, मागचे चाक धरणारा चिमटा किंवा चासी यांपैकी काहीतरी वाकडे आहे. ही तपासणी विक्रेत्याच्या मेकॅनिककडून करवून घेणे ही स्वतंत्र चूक आहे.

पुराच्या गाड्या

सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर मजल मारली, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी शहरात आले. गावभागात आणि मारुती चौकात उभ्या असलेल्या गाड्यांना चासीचा मार नसतो, त्यामुळे दोरीच्या चाचणीत त्या सहज उत्तीर्ण होतात. त्यांचा दोष वायरिंगमध्ये आणि बेअरिंगमध्ये दडलेला असतो. हेडलाइट उघडून आतले कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सोडवावेत. पितळी टोकांवर हिरवट थर किंवा कोपऱ्यात वाळलेला काळा गाळ दिसला तर गाडी पाण्याखाली गेलेली आहे. सीटखालची खाच आणि एअर फिल्टरच्या डब्याचा तळ धुताना सहसा विसरला जातो, तिथेही पाहावे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. अशा गाडीत चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर दोष लपवण्यासाठी तो काढून टाकलेला असू शकतो. पुरातून निघालेली एबीएसची गाडी घेऊ नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

पंधरा वर्षे भरत आल्याचे लक्षात न घेणे

२०११-१२ साली नोंदलेल्या, पुरातून वाचवलेल्या गाड्यांची मुदत २०२६-२७ मध्ये संपते, आणि नेमक्या अशाच गाड्या स्वस्तात पुढे केल्या जातात. नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. अर्ज मुदतीपूर्वी ६० दिवसांच्या आत करता येतो आणि मंजूर झाल्यास पुढची पाच वर्षे मिळतात. तिथे ब्रेक, दिवे, हॉर्न, आरसे, मूळ सायलेन्सर, मागे बसणाऱ्यासाठी पकड आणि पायटा, चाकावरचा साडी गार्ड यांकडे पाहिले जाते. टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. उच्च सुरक्षा नंबर प्लेट आणि पीयूसी नसेल तर काम तिथेच अडते. सहा महिन्यांत मुदत संपणारी गाडी घ्यायची असेल तर नूतनीकरण विक्रेत्याकडून करून घेऊनच व्यवहार करावा.

मिरजेच्या बाजूला अथणी, चिकोडी, विजापूरकडच्या, कर्नाटकाच्या केए क्रमांकाच्या गाड्याही येतात. तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र नसेल, तर इथे नवा क्रमांक मिळत नाही, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो खर्च किमतीत आधीच धरावा.

कोऱ्या फॉर्मवर गाडी ताब्यात घेणे

मालकी बदलाचे सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० देऊन ‘नाव कधीही लावा’ म्हणणारे विक्रेते टोटल लॉसच्या गाड्यांत जास्त आढळतात, कारण गाडी विमा कंपनीकडून लिलावात घेणाऱ्याने ती स्वतःच्या नावावर केलेलीच नसते. ज्याचे नाव आरसीवर आहे त्या माणसाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना मूळ मालकाने फॉर्म २९सी मध्ये द्यायची असते. ती पोर्टलवर दिसते का, हे पाहावे. विक्रीच्या करारात गाडी टोटल लॉस झाल्याचे वर्ष, कारण आणि बदललेले भाग विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्यावेत. नाव लावण्याचा अर्ज खरेदीदाराने ३० दिवसांत करायचा असतो, पण विमा कंपनीला कळवण्याची मुदत फक्त १४ दिवसांची आहे, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी आपल्या नावावर झाल्याखेरीज मिळत नाही.