उलटं वाहणारं पाणी

सोलापुरात युनिफॉर्म म्हणजे खाकी, निळा, पांढरा आणि शाळांचं चौकड्याचं कापड. घरीच कटिंगचं टेबल होतं, त्यामुळे मेलबर्नला टेक्स्टाइल डिझाइन शिकायला आले तेव्हा युनिफॉर्ममध्ये नवीन काही शिकायला मिळेल असं वाटलंच नव्हतं. आता इथेच एका युनिफॉर्म कंपनीत प्रिंटचं काम करते, आणि दरवर्षी दोन-तीन मुलं विचारतात, "ताई, अ‍ॅबोरिजिनल आर्टच्या युनिफॉर्मवर काम करायचंय, पोर्टफोलिओत काय टाकू?" म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी कलाकारांची चित्रं छापलेले युनिफॉर्म.

आधी काय टाकू नये ते सांगते. ठिपके टाकू नका. मी पहिल्याच सत्रात टाकले होते, गेरूच्या रंगात, एकात एक वर्तुळं काढून. शिक्षिकेनं शांतपणे विचारलं, "ही गोष्ट कोणाची आहे?" मला वाटलं, संकल्पना विचारतायत. त्या खरोखरच मालक विचारत होत्या.

ठिपक्यांची जी शैली आपल्याला माहीत असते, ती १९७१ नंतर मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या वस्तीपासून बोर्डवर आणि कॅनव्हासवर येत गेली. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये बारीक तिरप्या रेषांची जाळी असते, तिला 'रार्क' म्हणतात. टिवी बेटांवरची नक्षी आणखी वेगळी, आणि तिथे तर १९६९च्या सुमारापासून कापडावर स्क्रीन प्रिंटिंग चालतं. कोणतं चित्र कोणी काढायचं, हे कूळ आणि भूमी यांवर ठरतं. कलाकाराला आवडलं म्हणून शेजारच्या कुळाची गोष्ट रंगवता येत नाही, तिथे तुमची-माझी काय कथा!

बुलुन बुलुन खटला जरूर वाचा. गानालबिंगू समाजातले चित्रकार जॉनी बुलुन बुलुन यांचं पाणवठ्यावरच्या हंसांचं चित्र परवानगीशिवाय कापडावर छापलं गेलं. १९९८मध्ये फेडरल कोर्टानं म्हटलं, की कलाकारानं आपल्या कुळाच्या हिताला जपून वागायला हवं. सामूहिक मालकी मात्र कॉपीराइट कायद्यात बसली नाही. ही फट आजही आहे, म्हणून सगळी भिस्त करारावर. करार वाचायला शिका. आर्ट्स लॉ सेंटरची 'आर्टिस्ट्स इन द ब्लॅक' ही सेवा अ‍ॅबोरिजिनल कलाकारांना कायद्याची मदत करते. त्यांची बाजू समजली, की आपल्या कंपनीचा मसुदा कुठे लबाड आहे ते दिसायला लागतं.

आता माझी चूक. शर्टाच्या एका ऑर्डरवर चित्रात वरून खाली येणारं पाणी होतं. मी मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे कसे बसवून कापायचे त्याचा आराखडा, लावताना घरची सवय चालवली: एक बाही सुलटी, एक उलटी, मध्ये कॉलर बसवायची. कापड झकास वाचलं. कमी चिंध्या, म्हणजे पर्यावरणाला बरं, अशी माझी समजूत. नमुना चित्रकारांच्या आर्ट सेंटरला गेला आणि चित्रकार बाईंचा निरोप आला, की एका बाहीवर पाणी डोंगर चढतंय. शिवाय खिशाच्या शिवणीत पाणवठा अर्धा कापला गेला होता.

या कामातली खरी ओढाताण इथे आहे. कापड वाचवायचं तर तुकडे फिरवावे लागतात, आणि गोष्ट फिरवता येत नाही. शेवटी बाईंनीच वाट काढली: पाणी फक्त पाठीच्या योकवर (खांद्याखालच्या पट्टीवर), एकाच दिशेनं, बाकी शर्ट साध्या रंगाचा. साधे तुकडे मला हवे तसे उलटेसुलटे लावता आले. चित्रही लहान न होता उठून दिसलं. डिझाइन झाल्यावर मंजुरी मागण्यापेक्षा मार्कर लावायच्या आधी विचारलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

कापडाचं थोडक्यात: सब्लिमेशन प्रिंट (उष्णतेनं रंग धाग्यात मुरवणारी छपाई) पॉलिस्टरवरच नीट बसतं, म्हणून पुनर्वापरित पॉलिस्टरचा आग्रह होतो. कॉटनवर रिअ‍ॅक्टिव्ह डिजिटल प्रिंट, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगाची छपाई. मिश्र धागा टिकतो चांगला, पण पुनर्वापरासाठी वेगळा करणं कठीण.

त्याहून मोठी नासाडी म्हणजे जुलैतल्या नायडॉक सप्ताहाचे, म्हणजे मूळनिवासींच्या संस्कृतीच्या उत्सवाचे, पोलो शर्ट. वर्षातून एकदा घालायचे, पुढच्या वर्षी नवं चित्र. मला हा प्रकार पटत नाही. रोजच्या शर्टावर तेच चित्र दहा वर्षं राहिलं तर काय बिघडलं? बिघडतं ते करारात. चित्र वापरायचा परवाना पाच वर्षांचा आणि शर्ट आठ वर्षं टिकणारा, असं झालं की चांगले शर्ट गोदामात अडकतात. म्हणून मुदत, नूतनीकरणाची रक्कम आणि जुन्या शर्टांचं काय करायचं, हे तिन्ही पहिल्याच बैठकीत विचारा. चित्राच्या चिंध्या करून पुसणी बनवायची की नाही, हे ठरवायचा हक्क चित्रकाराचा.

पोर्टफोलिओत स्वतःची एखादी नक्षी आणि तिचा पूर्ण मार्कर टाका, वाया जाणारं कापड दाखवून. "वारली टाकू का?" असंही विचारतात. वारली घरातली असाल तर टाका. यूट्यूबवर शिकला असाल तर तो शिक्षिकेचा प्रश्न तिथेही लागू आहे. मार्कर येत नसेल, तर सुट्टीत सोलापूरला एखाद्या कटिंग मास्तरांशेजारी महिनाभर उभे राहा. आमचे मास्तर फी घेत नाहीत, फक्त दिवसातून चार वेळा चहा आणायला पाठवतात.