झाडाखालची शाळा : या चुका टाळा

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळांना कुलपं लागली. ज्या वस्त्यांवर मोबाईलला रेंज नव्हती, तिथे आम्ही काही शिक्षक पारावर, खळ्यात, झाडाखाली वर्ग घेऊ लागलो. साथ पुन्हा आलीच, तर आमच्याकडून झालेल्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत.

पहिली चूक सावलीची. सकाळी आठला जागा पाहिली, चिंचेच्या पश्चिमेला गार सावली, तिथेच सतरंज्या अंथरल्या. साडेदहाला पुढची पोरं उन्हात आणि सगळी सरकत सरकत बुंध्याशी एकमेकांना चिकटलेली. अंतर गेलं कुठल्या कुठे! आदल्या दिवशी वर्गाच्याच वेळेत जा, दर तासाला सावलीची कड फक्कीने आखा. शेवटच्या तासाला जेवढी सावली उरते, तेवढीच मुलं बोलवा. उरलेल्यांची दुसरी पाळी.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. थंडी, वारा नको म्हणून लोक प्रेमाने तीन बाजूंनी ताडपत्री बांधून देतात. मग ती खोलीच झाली. श्वासातले बारीक कण वाऱ्याने विरून जातात, म्हणून तर आपण बाहेर बसलो! डोक्यावर छप्पर चालेल, बाजू मोकळ्याच हव्यात. क्षयाच्या काळात, १९०८ साली, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात ऐन हिवाळ्यात मोठ्या उघड्या खिडक्यांशी शाळा भरवली, तेव्हा मुलांना पांघरुणं आणि पायाशी तापवलेले दगड दिले होते. थंडीला उत्तर स्वेटर आणि घोंगडी, आडोसा नव्हे.

आवाज पोचत नाही म्हणून मास्क हनुवटीवर ओढून ओरडणं ही तिसरी चूक. सगळ्यात जास्त बोलणारे आपणच, म्हणजे धोकाही आपल्याकडूनच जास्त. एका वेळी दहा-बाराच मुलं अर्धगोलात बसवा, वारा बाजूने येईल असे उभे राहा. घसा वाचतो, मागचं पोरही बोलतं.

फळा चकाकत असेल तर वरची कड जरा पुढे झुकवा.

पुस्तकं कमी पडली की एका पुस्तकात तीन डोकी शिरतात. त्यापेक्षा उतारा हाताने लिहून प्रत्येकाला वेगळा कागद द्या.

आणि बसण्याआधी मान वर करून फांद्या बघा. आग्यामोहोळ दिसलं तर ते झाड सोडा, धूर करायच्या फंदात पडू नका.