शुगर आहे? मग पायाच्या या चुका टाळा

वखरणीच्या दिवसांत मामा वावरातून आले, ओसरीवर टेकले आणि मामीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. तुरीचं धसकट स्लिपर फोडून तळव्यात शिरलं होतं. मामा म्हणाले, "दुखलंच नाही, तं समजन कसं?" ती जखम भरायला दोन महिने लागले.

सगळ्यात मोठी चूक हीच: दुखत नाही म्हणजे काही झालं नाही, असं धरून चालणं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. रक्तपुरवठा कमी पडला तर जखमही लवकर भरत नाही. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांना जखमा कशा होतात, हे दत्तपूर-आनंदवन या कुष्ठधामांच्या आपल्या मुलखात जुन्या माणसांनी पाहिलंय. शुगरच्या पायाचंही तसंच होतं. म्हणून रोज संध्याकाळी पाय धुऊन पुसले की तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर घरच्यांना पाहायला सांगा. मामी आता रोज बॅटरी घेऊन बसते.

टाचेच्या भेगांत गरम बिब्बा भरू नका, कितीही जुना उपाय असला तरी. बिब्ब्यानं धडधाकट कातडीलाही फोड येतात. बधिर पायाला तर भाजलेलंही कळत नाही. भेगांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल पुरतं. फक्त बेचक्यांत लावू नका, तिथं ओल राहते आणि चिखल्या होतात. भंडारा-गोंदियाकडे रोवणीला दिवसभर धानाच्या बांधीत उभं राहणाऱ्या बायांनी तर घरी आल्याबरोबर बेचक्या कोरड्या करायलाच हव्यात.

शेकोटीला पाय लावू नका. पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं पाहा. शेगावला अनवाणी चालत जायचा नवस बोलू नका; पंचेचाळीस अंशांत डांबरी रस्ता तळवा सोलून काढतो. पायात चप्पल असली म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

कुरूप ब्लेडनं कापू नका, औषधाची पट्टीही चिकटवू नका, तिच्यात कातडी जाळणारं ॲसिड असतं. नखं सरळ कापा. पातळ स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल घ्या आणि घालण्याआधी तिच्यावरून हात फिरवा.

जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोट काळं पडलं, घाण वास आला किंवा ताप भरला तर रात्रीसुद्धा थांबू नका. एकच पाय सुजून लाल आणि गरम झाला, पण जखम दिसत नाही? मुरगळला समजून चोळू नका. आत हाडं खचत असू शकतात. त्या पायावर भार न देता डॉक्टरकडे जा.

वर्षातून एकदा पायाची तपासणी करून घ्या. डॉक्टर डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा धागा टेकवतात. त्या वेळी अंदाजानं "कळलं" म्हणू नका.