टॉलेमींच्या नाण्यावरचा खड्डा पाहून नाणं नाकारू नका

अलेक्झांडरनंतर इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांचं ब्राँझचं नाणं पाहिलं की दोन्ही बाजूंना मधोमध छोटा खड्डा दिसतो. कुणीतरी भोक पाडायला घेतलं आणि सोडून दिलं, असं समजून नवखे संग्राहक ते बाजूला ठेवतात. खरं तर हा खड्डा छाप उठवण्याआधी, चकती तयार करतानाच पडलेला असतो. एका बाजूला शिंगं असलेला झ्यूस-अमोन (ग्रीक आणि इजिप्शियन देवांचं एकत्र रूप), दुसरीकडे वज्रावर उभा गरुड आणि मध्ये हा खड्डा, ही तर ओळखीची खूण. पहिल्या टॉलेमीच्या नाण्यांवर मात्र तो शोधत बसू नका. त्याच काळात सीरिया आणि आसपास राज्य करणाऱ्या सेल्युकिड राजांच्या काही ब्राँझ नाण्यांची करवतीसारखी दातेरी कडही अशीच मूळची असते.

घाबरायचं ते फिक्या हिरव्या भुकटीला. लाकडी टूथपिकने हलकेच टोकरून पाहा. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर हलत नाही; तो राहू द्या, नाण्याची शोभा आणि किंमत त्यातच आहे. भुकटी सुटली, तर धातूतले क्लोराइड (मिठासारखे क्षार) दमटपणामुळे नाणं आतून खात आहेत. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी काही आठवडे बदलत राहा आणि पूर्ण वाळवून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जेल वरचेवर बदलावं लागतं. आणि देवाची भांडी घासतो तशी चिंच किंवा लिंबू चुकूनही लावू नका.