पहिला मिनी ट्रॅक्टर घेताय? सौद्यात या चुका टाळा

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातली द्राक्षबाग असो की वाळवा-पलूसकडचा ऊस, छोट्या ट्रॅक्टरचा विचार आता बऱ्याच घरांत चालू आहे. बैल सांभाळायला माणूस नाही, भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाने गाठलं आणि फवारणी एक-दोन दिवस लांबली, तर डाऊनी (केवडा रोग) घडांवर उतरते. म्हणून माणूस शोरूममध्ये जातो तो आधीच टेकीला आलेला असतो, आणि समोरच्या विक्रेत्याला ते लगेच कळतं. पैसे जास्त जातात ते तिथेच. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका शोरूमची पायरी चढण्याआधीच टाळता येतात.

शेजाऱ्याचा आकडा धरून जाणे

"कितीला बसला?" हा आपला पहिला प्रश्न. उत्तरं ऐकली तर एकाच मॉडेलच्या दोन ट्रॅक्टरांत लाखभराचा फरक सापडतो. एकजण फक्त शोरूमचा दर सांगतो, दुसरा विमा आणि पासिंग (आरटीओतली नोंदणी) धरून सांगतो, तिसऱ्याच्या आकड्यात रोटर (माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर), हूड, बंपर आणि जुन्या ट्रॅक्टरची वजावट असं सगळं असतं. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

सांगली, विटा, कराड अशा तीन वेगळ्या गावांतल्या डीलरांकडून त्याच मॉडेलचं कोटेशन घ्या, आणि ते लेखी घ्या. प्रत्येकात या गोष्टी सुट्या लिहायला लावा: ट्रॅक्टरची जीएसटीआधीची किंमत, जीएसटी, विमा, पासिंगचा खर्च, जोडलेली ॲक्सेसरी, प्रत्येक अवजार, आणि 'हँडलिंग' किंवा तशा नावाखाली काही रक्कम असेल तर ती. ही शेवटची रक्कम कशाची, ते सरळ विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर ती काढायला सांगा. विम्यासाठी डीलर सांगेल तीच कंपनी घेतली पाहिजे असं बंधन नाही. बाहेरून भाव काढा आणि गाडीची विमा-किंमत दोन्हीकडे सारखी धरली आहे ना, ते बघा, नाहीतर हप्ता कमी दिसतो तो त्यामुळेच.

लेखी सुटं कोटेशन द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून ट्रॅक्टर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत थोडी कमी असली तरीही.

"रोटर फुकट" ऐकून उक्ता सौदा करणे

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीत होतं. ट्रॅक्टर, रोटर, ट्रॉली मिळून एकच आकडा, त्यावर "तुमच्यासाठी रोटर फुकट". फुकट रोटरची किंमत ट्रॅक्टरच्या दरात बसलेली असते. शिवाय तो कुठल्या कंपनीचा, किती रुंदीचा, हे ठरवण्याचा हक्क तुमच्या हातून गेलेला असतो.

आधी विचारा: रोटर नको असेल तर ट्रॅक्टर कितीला? मग तोच रोटर अवजारांच्या दुकानात कितीला मिळतो, ते काढा. दोन्ही आकडे हातात आले की 'फुकट' म्हणजे किती ते आपोआप दिसतं. जुनं वाहन बदलून देत असाल तर तेही याच पद्धतीने. आधी नव्याचा दर पक्का करा, त्यानंतरच जुन्याचं नाव काढा. दोन्ही एकदम बोललात तर एका बाजूला वाढवून दिलेलं दुसऱ्या बाजूने काढून घेतलं जातं.

रोटर बघताना रुंदीसोबत हेही विचारा: ड्राइव्ह गिअरची की चेनची, पाती किती आणि कुठल्या आकाराची, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला पोचवणारा फिरता दांडा) दरात आहे की वेगळा, आणि पात्यांचा संच तुमच्या बाजारपेठेत मिळतो का. शाफ्टचे पैसे डिलिव्हरीच्या दिवशी वेगळे मागितले जाऊ शकतात, म्हणून तो कोटेशनमध्ये आलाच पाहिजे.

ब्लोअर (हवेच्या झोताने औषध फवारणारं यंत्र) आणि ट्रॉलीसाठी आपल्या भागातले कारागीर चांगले आहेत. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीच्या आसपास अवजारं बनतात, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती नांगराच्या कारखान्यामुळेच. स्थानिक माल घ्यायला हरकत नाही, दुरुस्तीही जवळ होते. फक्त अनुदान हवं असेल तर त्या अवजाराचा सरकारमान्य तपासणी अहवाल आहे का, हे आधी बघा. अहवाल नसेल तर अनुदान विसरा. ट्रॉलीचं पासिंग ट्रॅक्टरपेक्षा वेगळं होतं, तो खर्चही धरा.

इंजिनची एचपी बघून मॉडेल ठरवणे

पाटीवर २४ एचपी लिहिलेलं असतं ते इंजिनचं. रोटर आणि ब्लोअर चालतात पीटीओच्या ताकदीवर, आणि ती इंजिनच्या साधारण ८० ते ९० टक्के असते. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची तपासणी होते आणि पीटीओची मोजलेली ताकद तिच्या अहवालात असते. डीलरकडे हा अहवाल मागा.

कामाप्रमाणे गरज बदलते. बागेत दोन ओळींत आठ-नऊ फूट अंतर असलं तरी मांडवाखालची उंची आणि ओळीच्या टोकाला वळायची जागा खरी अडचण करते. सायलेन्सर वर निघणारा आहे की खाली, हेही इथेच महत्त्वाचं. उसात साडेचार-पाच फुटांच्या सरीत बाळबांधणी (लहान उसाला हलकी माती लावणं) करायची तर चाकांमधलं अंतर आणि जमिनीपासूनची उंची बघावी लागते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात ओल असताना फोर व्हील ड्राइव्हचे जादा पैसे वसूल होतात. जतच्या मुरमाड माळावर फक्त हलकी मशागत करायची असेल तर ते पैसे ठिबकला वापरलेले बरे.

लिफ्टचा आकडा, म्हणजे ट्रॅक्टर मागे किती वजन उचलतो, तो तर हमखास विसरला जातो. ४०० लिटरचा मागे उचलून धरायचा ब्लोअर भरला की ४०० किलो पाणी, त्यात यंत्राचं वजन. एवढा भार मागे लटकला की छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं टोक हलकं होतं आणि चढावर स्टिअरिंग ऐकत नाही. पुढची वजनं लागणार असतील तर तीही कोटेशनमध्ये घ्या.

आणि डेमो तुमच्याच रानात घ्या. शोरूमच्या आवारातला नको. ब्लोअर पाण्याने भरून, तुमच्याच ओळीत, टोकाला वळवून. पीटीओला मिनिटाला ५४० फेरे धरून फवारणी चालू असताना इंजिन दबतं का, काळा धूर सोडतं का, ते अर्ध्या तासात दिसतं.

जीएसटीचा जुना दर

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. रोटरसारखी मशागतीची अवजारं आणि यांत्रिक फवारणी यंत्रंही ५ टक्क्यांत आली. करपूर्व ५ लाखांच्या ट्रॅक्टरवर हा फरक ३५ हजारांचा होतो. म्हणून शेजाऱ्याचं दोन वर्षांपूर्वीचं बिल समोर ठेवून घासाघीस करू नका, आणि डीलरने दाखवलेली 'खास सूट' ही कर कमी झाल्याचीच रक्कम तर नाही ना, ते करपूर्व किमतीवरून ताडून बघा.

व्याजाचा टक्का ऐकून कर्ज घेणे

"फक्त ९ टक्के" असं सांगितलं की विचारा: फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर?

४ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, सहा महिन्यांनी एक असे १० हप्ते, असं धरू. ९ टक्के फ्लॅट म्हणजे दरवर्षी पूर्ण ४ लाखांवर ३६ हजार व्याज. ५ वर्षांचं १ लाख ८० हजार, हप्ता ५८ हजार. तेच ९ टक्के घटत्या शिल्लकीवर असेल तर हप्ता साधारण ५० हजार ५५० आणि एकूण व्याज १ लाख ५ हजारांच्या आसपास. टक्का एकच, फरक जवळपास पाऊण लाखाचा. उलट बाजूने बघितलं तर हे ९ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकीवरचे जवळजवळ १५ टक्के. डीलरच्या टेबलावर दिवसभर घासून १० हजार कमी करून घेतले आणि शेजारच्या खुर्चीतल्या फायनान्सवाल्याच्या कागदावर न वाचता सही केली, तर ती घासाघीस वाया गेली.

म्हणून टक्क्याऐवजी तीन आकडे मागा: एकूण हप्ते किती, प्रत्येकी किती, सगळे मिळून किती भरायचे. प्रक्रिया शुल्क, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारी रक्कम याच कागदावर लिहून घ्या. राष्ट्रीयीकृत बँक आणि जिल्हा बँक या दोन्हीकडे विचारल्याशिवाय शोरूममधलं कर्ज घेऊ नका. तिथे वेळ लागतो, कागद जास्त लागतात, पण वरचा हिशेब बघता तो वेळ द्यावाच. बोजा फक्त आरसीवर चढणार की सातबाऱ्यावरही, हे सहीच्या आधी विचारा.

हप्त्यांचे महिने तुमच्या पिकाप्रमाणे मागून घ्या. द्राक्ष-बेदाण्याचा पैसा आणि ऊसबिलाचा पैसा वेगवेगळ्या वेळी येतो. कायद्याने ऊसबिल १४ दिवसांत मिळायला हवं, तरी हप्त्याची तारीख त्या भरवशावर बांधू नये. मध्ये दोन महिन्यांचं अंतर ठेवावं.

पूर्वसंमतीआधीच ट्रॅक्टर दारात आणणे

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केला, नाव आलं, आणि माणूस आनंदाने ट्रॅक्टर घेऊन आला. अनुदान तिथेच बुडतं. निवड झाल्यावर कोटेशन आणि तपासणी अहवाल अपलोड करायचा, कृषी विभागाची पूर्वसंमती मिळाली की खरेदी करायची, पैसे बँकेतून द्यायचे, मग बिल अपलोड, मग प्रत्यक्ष पाहणी आणि शेवटी खात्यात रक्कम. हा क्रम मोडता येत नाही. रक्कम नंतर येते, म्हणून आधी पूर्ण किमतीची सोय लागते. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर तो आधी काढून घ्या.

अनुदानाची कमाल मर्यादा प्रवर्ग, जमीन आणि पीटीओ एचपीवर ठरते. त्यामुळे चालू वर्षाचा आकडा तालुका कृषी कार्यालयातून घ्या, डीलरच्या तोंडचा धरू नका. अनुदान मिळणार हे कळलं की दर चढवून सांगणारेही असतात. म्हणून अनुदानाचा विषय काढण्याआधी रोखीचा दर लेखी घेऊन ठेवा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना वेगळी आहे: ९ ते १८ एचपीचा ट्रॅक्टर आणि अवजारं, ३ लाख ५० हजारांपर्यंतच्या खर्चावर ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांचं अनुदान. पात्र गटांनी सांगलीच्या समाजकल्याण कार्यालयात जरूर चौकशी करावी. ही योजना माहीत नसल्यामुळे कुणी सावकारी कर्जात पडू नये, असं मनापासून वाटतं.

बागेत राबलेला जुना ट्रॅक्टर नुसता रंगावर घेणे

द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) उडालेलं असतं. मोरचूद लोखंड खातं. वरून रंग मारला की दिसत नाही, म्हणून फूटबोर्डच्या खाली, बोल्टच्या डोक्यांवर, बॅटरीच्या पेटीत, वायरिंगच्या जोडांत आणि रेडिएटरच्या जाळीत बघा. मीटर चाललेले तास कमी दाखवतोय पण क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर त्या मीटरवर विसंबू नका. सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. तेलाचं झाकण उघडून धूर फेकतोय का बघा, आणि लिफ्टवर रोटर उचलून इंजिन बंद करा. रोटर झपाट्याने खाली आला तर लिफ्टचं काम निघणार, तेवढे पैसे कमी करा.

आरसीवर बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे नाव चढलं असं नव्हे. आरटीओत ते प्रत्यक्ष चढवून घ्या.

मुहूर्त आणि उत्पादनाचं साल

पाडव्याला किंवा दसऱ्याला ट्रॅक्टर दारात यावा ही इच्छा मोलाची आहे. पण सौदा त्याच आठवड्यात करू नका. महिनाभर आधी दर लेखी पक्का करा, डिलिव्हरी मुहूर्तावर घ्या. बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, दर, डिलिव्हरीची तारीख आणि सौदा मोडल्यास रक्कम परत मिळण्याची अट लिहून घ्या. जानेवारीनंतर घेत असाल तर उत्पादनाचा महिना आणि साल विचारा. आरसीवर तेच येतं, आणि विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. मागच्या सालचा असेल तर त्याची सूट वेगळी मागा.

बुकिंग झालंय आणि आता शंका येतेय?

पैसे दिले असले तरी डिलिव्हरीपर्यंत बरंच हातात असतं. आज डीलरकडे जाऊन सुटं कोटेशन मागा आणि पावतीवरच्या आकड्याशी लावा. जादा काही दिसलं तर तोंडी बोलण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर लिहून विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येतं. डिलिव्हरीच्या दिवशी चासी आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा. टायरवरचे शेवटचे चार अंक बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात. मोफत सर्व्हिसची कुपनं आणि वॉरंटीची नोंद हातात आल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर कुठल्याच दिवशी नाही.

रोटर घरी आल्यावर ट्रॅक्टर दबत असेल तर आधी खोली कमी करा, खालच्या गिअरमध्ये चालवा, गरज पडली तर दोन पाळ्यांत काम करा. तरीही दबतच राहिला तर रोटर रुंद पडलाय. वापरून पाती झिजायच्या आत तो बदलून मागा. बिलावर रोटरची किंमत वेगळी लिहिलेली असेल, तर बदलताना किती वजावट मिळायला हवी हे भांडून ठरवावं लागत नाही.