अतिदक्षता विभागातील बाळाला धीर देणारा स्पर्श कसा करावा

गर्भात बाळाची ज्ञानेंद्रिये एका ठरावीक क्रमाने जागी होतात: सर्वांत आधी स्पर्श, मग तोलाची जाणीव, वास आणि चव, त्यानंतर ऐकू येणे आणि सर्वांत शेवटी दृष्टी. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला मात्र नेमके उलटे येते. सर्वांत कोवळ्या डोळ्यांवर उजेड आणि कानांवर अलार्म सतत आदळत राहतात, आणि ज्या स्पर्शासाठी त्याचे शरीर सर्वाधिक तयार असते तो बहुतेक वेळा सुई टोचताना किंवा चिकटपट्टी काढतानाच होतो. म्हणून आई-वडिलांनी सुरुवात खेळण्यांपासून नव्हे, तर आपल्या तळहातापासून करावी.

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात स्वच्छ धुवावेत, हात कोमट होऊ द्यावेत आणि बाळाला हात लावता येईल का, हे परिचारिकेला विचारावे. आधी हलक्या आवाजात बाळाशी दोन शब्द बोलावेत. मग एक तळहात त्याच्या डोक्याला कवेत घेईल असा ठेवावा आणि दुसऱ्याने दुमडलेले पाय पोटाशी अलगद धरावेत. हात स्थिर असू द्यावेत. बोटांनी हळुवार कुरवाळणे आपल्याला प्रेमळ वाटते, पण फार लवकर जन्मलेल्या बाळाला ते अनेकदा सहन होत नाही; न हलणारा, किंचित भार असलेला हात त्याला गर्भाशयाच्या भिंतीसारखा आधार देतो. टाचेतून रक्त घेताना कोणीतरी असे धरून ठेवले, तर बाळ लवकर शांत होते.

हात ठेवल्यावर नजर बाळावर असावी. पंजा पसरून सगळी बोटे ताठ होणे, उचकी, शिंक, वारंवार जांभया, मान फिरवणे, त्वचेचा रंग बदलणे या सर्वांचा अर्थ ‘आता पुरे’ असा घ्यावा. उलट हात तोंडाशी नेणे, आपले बोट घट्ट धरणे, चेहरा सैल पडणे ही स्वस्थतेची खूण होय. माझ्या मते मॉनिटरवरील आकड्यांइतकेच महत्त्व आई-वडिलांनी या खुणांना द्यावे. रोज पाहणाऱ्याला त्या फार लवकर कळू लागतात.

डॉक्टरांची संमती मिळताच कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आई-वडिलांच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे, सुरू करावी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे ती सुरू झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मुदतपूर्व किंवा कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाचे ८ ते २४ तास, म्हणजे जितका जास्त वेळ शक्य असेल तितका वेळ, ती द्यावी अशी शिफारस केली. फक्त लंगोट आणि टोपी घातलेले बाळ उघड्या छातीवर उभे टेकवावे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वासमार्ग दबणार नाही. ऊब, हृदयाचे ठोके, त्वचेचा वास आणि श्वासाबरोबरचे हलके झोके हे सारे एकाच ठिकाणी मिळते. वडिलांनाही हे तितकेच करता येते. बाळाला काढण्या-ठेवण्यातच दमायला होते, म्हणून एका वेळी निदान तासभर बसण्याची तयारी ठेवावी.

कांगारू शक्य नसेल तेव्हा आईने अंगाशी ठेवलेला स्वच्छ कापडाचा तुकडा, परिचारिकेच्या परवानगीने, बाळाजवळ ठेवता येतो. चिकाचे (आईच्या सुरुवातीच्या घट्ट दुधाचे) एक-दोन थेंब ओठांच्या आत लावण्याबद्दलही विचारावे.

इनक्युबेटरच्या (बाळाला उबेत ठेवणाऱ्या पेटीच्या) काचेवर टिचकी मारू नये, वर बाटली ठेवू नये आणि त्याची दारे दाबून, आवाज न करता लावावीत. बाहेरचा लहानसा खटका आत मोठा होतो. उजेड अडवण्यासाठी इनक्युबेटरवर आच्छादन घालावे. बोलणे, स्पर्श करणे आणि डोळ्यांत पाहणे एकाच वेळी करू नये. एका वेळी एकच.

निघतानाही घाई नको. आधी पायांवरचा हात सैल करावा, बाळ दचकले तर पुन्हा टेकवावा, आणि त्याचा श्वास संथ झाल्यावरच डोक्यावरचा हात उचलावा.