विसरभोळेपणा वाढला? आधी हे तपासा

साठीनंतर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देण्याआधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासा. शाकाहारी माणसाला मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा रोजची पित्ताची गोळी चालू असेल, तर बी-१२ घसरण्याची शक्यता बरीच. मिलिलिटरमागे साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं, की तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, नावं न आठवणं सुरू होऊ शकतं. नुसत्या फॉलिक ॲसिडवर भागवू नका. त्यानं हिमोग्लोबिन सुधारतं, नसांची हानी मात्र आतून चालूच राहते.

कानही तपासा. ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? आजी गॅस बंद करायला ‘विसरते’ म्हणतात, तिला शिट्ट्याच ऐकू आलेल्या नसतात!

सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनीही गोंधळ उडतो. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच न्या.